सातवा पाव

मीठ चवीनुसार, असं लिहिलंय.
चवीनुसार म्हणजे किती?
तेहेतीस वर्षं भोसरीला टूलरूममध्ये काढली मी.
केसभर माप चुकलं तरी जॉब परत पाठवायचो
लाल खडूची फुली मारून.
पोरं दबक्या आवाजात म्हणायची, देवकुळे आले, आवरा.
मीठ शेवटी ठरवू म्हणून पुढच्या ओळीवर गेलो.

आता निवृत्त. आता स्वयंपाकघर.
कुंदाची बँक अजून तीन वर्षं आहे.
तिचा डबा मी भरतो, आणि स्कूटरचा आवाज
धनकवडीच्या उतारावर विरला
की पेपर बाजूला सारून काटा मांडतो.
मैदा दोनशे सत्तर ग्रॅम. नाचणी ऐंशी.
नाचणीची कल्पना माझी.
साचा बोहरी आळीतला, घासाघीस करून आणलेला,
घरी येऊन मोजला तर एका बाजूला दोन मिलिमीटर तिरका.

पहिला पाव वीट झाला.
दुसरा आतून ओला.
तिसरा वॉचमनच्या कुत्र्यानं हुंगला
आणि माझ्याकडे असं बघितलं
जसं मी नव्या अप्रेंटिसकडे बघायचो.
चौथा बरा आहे, असं कुंदा म्हणाली.
बरा, हा शब्द पुण्यात कसा उच्चारतात
ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

पाचव्याच्या वेळी समोरच्या नजमा तांबोळी
वाटी परत द्यायला आल्या होत्या,
पिठात बोट रुतवून म्हणाल्या, काका, हे अजून झोपेत आहे.
मी विचारलं, किती मिनिटं झोपू द्यायचं?
त्या म्हणाल्या, त्याला कुठे घड्याळ कळतं.

सहाव्याबद्दल वहीत नोंद नाही.

आज गुरुवार.
गुरुवारी लाईट जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक,
मला आठवलं दहा वाजून बारा मिनिटांनी,
ओव्हनमधला पिवळा दिवा
एकदा डोळा मिचकावून विझला तेव्हा.
डोक्यावरचा पंखा फेऱ्या मोजत मोजत थांबला.
आत पाव,
नुकताच खांदे वर करू लागलेला.

महावितरणला फोन लावला. व्यग्र.
पुन्हा लावला.
मग माळ्यावरून काढला तो जुना कुकर,
झाकण धड न बसणारा,
ज्यात कुंदा वाळू तापवून केक करायची
निषादच्या वाढदिवसाला, आपल्याकडे ओव्हन नव्हता तेव्हा.
आता वाळू कुठून आणू?
बरणीतलं मीठ ओतलं तळाला, होतं तेवढं सगळं.
त्यावर वाटी, वाटीवर ताटली, ताटलीवर साचा.
मंद गॅस.
आकडा नाही, काटा नाही.
स्टूल ओढून बसलो.

आधी नुसता तापल्या भांड्याचा वास.
मग ओल्या पोत्याचा.
मग बराच वेळ काहीच नाही.
खाली भंगारवाला ओरडत गेला,
जिन्यात कुणीतरी कुणालातरी विचारलं, आली का तुमच्याकडे?
मग भाजल्या नाचणीचा, आणि त्याच्या मागून आणखी एक,
तिसरी पाळी सुटताना कॅन्टीनच्या मागच्या दारातून
यायचा तसा. त्याला नाव नाही माझ्याकडे.
उठलो. झाकण काढलं.
आत्ताच का काढलं, ते मला विचारू नका.

ती येईपर्यंत कापायचा नाही, हा नियम.
सव्वासातला आली, हेल्मेट काखेत,
उभ्याउभ्याच तुकडा मोडला.
अरे, जाळी बघ काय पडलीय.
मग चावता चावता थांबली.
मीठ?

मी कुकरकडे बघितलं.
पाऊण किलो होतं तिथे. तळाशी, राखाडी,
खडे धरून बसलेलं.
पावात कणभरही नाही.

आधी ती हसली नाही.
मग कुकरात हात घातला,
एक खडा चिमटीत चुरला,
माझ्या सातव्या पावावर वरून भुरभुरला
आणि मोडलेला तुकडा पुढे धरला.

किती घातलंस, मी विचारलं.

खा आधी, ती म्हणाली.